भिंतीवरच्या छत्र्या

बीडला सुभाष रोडच्या आसपास फोटो फ्रेमच्या एखाद्या दुकानात घटकाभर उभं राहावं, म्हणजे जिल्ह्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. वरच्या ओळीत शिवाजी महाराज, बाबासाहेब, भगवानबाबा, साईबाबा. त्यांच्या शेजारी गोपीनाथराव मुंडे. खाली भिंतीला टेकवून ठेवलेले, नुकत्याच गेलेल्या माणसांचे मोठे केलेले फोटो. दहाव्याच्या आत न्यायचे, म्हणून काच बसवून तयार. या सगळ्यांत गेल्या काही वर्षांत एक वेगळंच चित्र दिसायला लागलं आहे. काळं-पांढरं, थोडं धुरकट. वर विमानांची रांग आणि तिच्याखाली आभाळभर उघडलेल्या छत्र्या. प्रत्येक छत्रीखाली एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माणूस.

हे चित्र नेणारी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या, व्यायामशाळा आणि फौजेतून सुटून आलेली माणसं. पूर्वी मूळ फोटो दिला तरच मोठा करून मिळायचा. आता पोरगं मोबाइलवर शोधून चित्र पाठवतं आणि संध्याकाळी ते कॅनव्हासवर छापून, पट्टी ठोकून हातात येतं. कोणाचा फोटो, कुठला, कोणत्या लढाईतला, हे दुकानदार विचारत नाही. गिऱ्हाइकालाही ते बहुतेकदा ठाऊक नसतं.

हेच चित्र का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लढाईचे बाकीचे फोटो घरात लावता येत नाहीत. त्यांत चिखल असतो, जळकी घरं असतात, पडलेली माणसं असतात. जेवताना समोर असलं काही नको वाटतं. छत्र्यांच्या फोटोत शत्रू दिसत नाही, रक्त दिसत नाही. फोटो काढला त्या क्षणी त्यातला जवळजवळ प्रत्येक जण जिवंत आहे. लढाईतली हीच एक वेळ अशी असेल की ती लांबून बघणाऱ्याला निव्वळ सुंदर दिसते. अशाच एका दुकानात पंचमीच्या बाजाराला आलेली एक म्हातारी हे चित्र बघून सुनेला म्हणाली होती, "कापूस फुटल्यावानी दिसतंय बघ." कापसाच्या मुलखातल्या बाईला दुसरं काय सुचणार? आणि दिसतंही तसंच. आमच्याकडच्या माणसाला मान वर करून आभाळाकडे बघायची सवय आहे ती पावसासाठी. आभाळातून माणसं उतरतात, ही कल्पनाच आमच्या डोळ्यांना नवी.

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर एका गावात पॅराशूट रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणायची रीत आहे, तसं त्यांनाही सगळे मेजर म्हणतात. त्यांच्या बैठकीत दोन फोटो आहेत. एक आग्र्याच्या प्रशिक्षण केंद्रातला, ओळीनं उभ्या राहिलेल्या जवानांचा. त्यात ते दुसऱ्या रांगेत डावीकडून कितवे हे काचेवर पेनानं केलेल्या खुणेवरून कळतं. दुसरा फोटो छत्र्यांचा. या दुसऱ्या फोटोसमोर नातवंडं उभी राहतात आणि विचारतात, "आबा, यातले तुम्ही कोणते?" मेजर जवळ जातात, चष्मा वर करतात आणि एका ठिपक्यावर बोट ठेवतात. दर वेळी वेगळ्या ठिपक्यावर. काचेवर त्या भागात बोटांचे ठसे उमटून धूसर पट्टा तयार झाला आहे.

त्यांनी मला सरळ सांगितलं, "यात मी नाही. मी भरती झालो त्याच्या आधीचा आहे हा. पण पोरांना काय सांगणार? यातला कोणताही मीच की."

मेजरांच्या घरातल्या मावशी आतून पाणी घेऊन आल्या होत्या. त्या फोटोकडे न बघता म्हणाल्या, "यातल्या एकाचेबी पाय टेकलेले नाहीत. मला नाही बघवत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या वाक्यानं मला चित्राकडे बघायची दुसरी बाजू दिली. आपण बघणारे त्या फोटोतल्या आभाळाकडे बघतो. ज्यांचं माणूस त्यात आहे ते खालच्या जमिनीकडे बघतात, आणि ती बहुतेक फोटोंत दिसतच नाही.

मेजरांनी मला उडीचं तंत्र समजावून सांगितलं ते अंगणात, बाजेच्या दोरीला हाताचा आकडा लावून. विमानात वरून एक तार गेलेली असते. छत्रीच्या पिशवीला जोडलेल्या पट्ट्याचा आकडा त्या तारेला अडकवायचा. दारातून बाहेर पडलं की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप पिशवीतून ओढली जाते. जवानानं स्वतः काही उघडायचं नसतं. त्यानं फक्त दारातून बाहेर पडायचं असतं, आणि तेच सगळ्यांत अवघड. लाल दिवा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे चला. आग्र्याला पाच उड्या पूर्ण केल्यावर छातीवर पंखांचं चिन्ह लागतं. छत्री उघडल्याचा झटका खांद्यांना बसला की तोंडातून आपोआप यायचं ते 'छत्री माता की जय'. तुळजाभवानी आणि योगेश्वरीच्या मुलखातल्या माणसाला या मातेची ओळख करून द्यावी लागत नाही.

मेजरांच्या भिंतीवरचा तो छत्र्यांचा फोटो 1971 च्या टांगाइलचा म्हणून ओळखला जातो. या एका फोटोबद्दल महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहिती असायला हवी, कारण त्यातली गोष्ट आपल्या पलटणीची आहे.

11 डिसेंबर 1971. दुपार उतरताना पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ भारतीय हवाई दलाची मालवाहू विमानं आली. त्यांत आंतोनोव्ह होती, पॅकेट होती, डाकोटा आणि कॅरिबू होती. ती पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा आणि डमडमवरून निघाली होती. विमानांतून उतरली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे 2 पॅरा, आणि तिच्या मदतीची तोफखान्याची वगैरे पथकं. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचं. जागा आधी हेरून ठेवण्यासाठी कॅप्टन पी. के. घोष काही दिवस अगोदरच पोचले होते आणि कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तियोद्ध्यांबरोबर राहत होते. काम नेमकं होतं. मयमनसिंह आणि जमालपूरकडून ढाक्याकडे मागे सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड मध्येच अडवायची, आणि त्यासाठी लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा. वारा होता, माणसं आणि सामान पसरून पडलं, काही तळ्यांत गेलं. आसपासच्या गावांतले लोक धावत आले आणि पेट्या डोक्यावर घेऊन पोचवायला लागले. रात्रीपर्यंत पूल हातात आला. मग रात्रभर मागे येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या पुलावर येऊन धडकत राहिल्या आणि पूल सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी, 12 डिसेंबरच्या संध्याकाळी, उत्तरेकडून जमिनीवरून लढत आलेली पलटण त्यांना येऊन मिळाली. ती होती 1 मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण. आणि पुलावर तिची वाट बघणारी 2 पॅरा ही मुळात मराठाचीच तिसरी बटालियन. 1952 साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांच्या एकेका बटालियनला एकत्र आणलं गेलं. त्यांतली मराठ्यांची ती 2 पॅरा. म्हणजे बंगालमधल्या एका नदीवर, परक्या मुलखात, आकाशातून आलेले मराठे आणि जमिनीवरून आलेले मराठे एकमेकांना भेटले. या भेटीचं एखादं मोठं चित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर का नसावं, हे मला कळत नाही. 16 डिसेंबरला सकाळी ढाक्याच्या वेशीवरच्या मीरपूर पुलावर जी पलटण उभी होती आणि शहरात आधी शिरली, ती हीच 2 पॅरा.

आता फोटोबद्दल. टांगाइलच्या बातमीबरोबर जगभरच्या वृत्तपत्रांत छत्र्यांनी भरलेल्या आभाळाचं छायाचित्र छापून आलं. ते टांगाइलचं नव्हतं. संरक्षण मंत्रालयाचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी पुढे स्वतःच सांगितलं की, हाताशी टांगाइलचं छायाचित्र नव्हतं, म्हणून त्यांनी आधीच्या एका सरावातलं, आग्र्याला 50 पॅराशूट ब्रिगेडनं मारलेल्या उडीचं छायाचित्र दिलं. ते जुन्या सरावाचं आहे, असा उल्लेख सोबतच्या ओळींत नव्हता. प्रत्यक्षात उतरले होते ते एका बटालियनचे, हजाराच्या आतले जवान. फोटोत दिसत होती अख्खी ब्रिगेड. पाच हजार भारतीय छत्रीधारी ढाक्याच्या उत्तरेला उतरल्याची बातमी परदेशी रेडिओवरून फिरली. ढाक्यात बसलेल्यांनी ती ऐकली. पाच दिवसांत शरणागती झाली.

राव यांना मी दोष देणार नाही. लढाई चालू असताना शत्रूला आपली संख्या मोठी वाटत असेल, तर ती दुरुस्त करायला जाणं हे कोणत्याही सरकारचं काम नाही. ढाक्याच्या गल्ल्यांत लढाई झाली असती तर किती माणसं गेली असती, याचा विचार केला तर त्या एका कागदानं कदाचित शेकडो घरांतल्या फोटोंवरचे हार वाचवले. पण ती गरज 16 डिसेंबर 1971 ला संपली. आता तो फोटो आपल्या बैठकीत आहे, शाळेत आहे, अकॅडमीत आहे, आणि अजूनही त्याच्याखाली 'टांगाइल' लिहिलेलं असतं. आज या चुकीच्या ओळीनं नुकसान होतं ते आपल्याच माणसांचं. ब्रिगेडचा फोटो लावून आपण बटालियनचं शौर्य कमी करतो. पाच हजारांनी पूल धरला, यात काय मोठं? हजारही नव्हते, विखुरलेले होते, तोफा तळ्यातून ओढून काढत होते, आणि तरी पहाटेपर्यंत पुलावरून एक गाडी जाऊ दिली नाही, हे मोठं. खरा आकडा लिहिला की ती रात्र अधिक उजळते.

आणि आग्र्याचा फोटो आग्र्याचा म्हणून लावायला लाज कसली? सरावातली उडीसुद्धा उडीच असते. त्या उंचीवरून पडलेला माणूस सरावात पडला की लढाईत, याचा जमिनीला फरक पडत नाही. मेजर म्हणतात तेच खरं, सरावात ज्यानं दार ओलांडलं त्यानंच टांगाइलला ओलांडलं.

2 पॅरा या पलटणीची मुळं आणखी मागे जातात. इटलीत 10 जुलै 1944 ला तायबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे, मरणोत्तर मिळवणारे, नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. तेव्हा ती पायदळ होती. माणगावला त्यांचा पुतळा आहे. काही वर्षांत ती छत्रीधारी झाली आणि मार्च 1948 मध्ये काश्मिरात ब्रिगेडियर उस्मान यांच्या 50 पॅराशूट ब्रिगेडमध्ये झांगर परत जिंकायला होती. झांगर गेल्यावर, ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी शपथ घेऊन थंडीत जमिनीवर निजणारे ते उस्मान. 3 जुलै 1948 ला त्याच झांगरमध्ये तोफगोळ्यानं ते गेले.

त्या दिवसांत आमचा बीड जिल्हा भारतात नव्हता. निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, एके काळी हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीचा वावर आमच्या मातीला नवा नाही. पण सातारा-रत्नागिरीकडे जशी पणजोबापासून पलटणीची गोष्ट घरात चालत येते, तशी आमच्याकडे रुजायला 17 सप्टेंबर 1948 उजाडावा लागला. म्हणून आमच्याकडच्या भिंतींवर गणवेशातले जुने फोटो कमी. आज मात्र पहाटे बीड-अहिल्यानगर रस्त्यानं, परळीच्या रस्त्यानं, आष्टी-कड्याकडे कुठेही जा, अंधारात पोरं पळताना दिसतात. सोळाशे मीटरची वेळ लावणारी. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, कोणाचे अडीच एकर कोरडवाहू. या पोरांना भिंतीवर काहीतरी हवं असतं, ज्याच्याकडे बघून पाचव्या दिवशीही पहाटे उठता येईल. छत्र्यांचं चित्र त्यांनी लावलं यात मला नवल वाटत नाही. मला तळमळ वाटते ती पुढच्या गोष्टीची.

जिल्ह्यातल्या एका अकॅडमीत मी असं एक चित्र पाहिलं, भिंतभर मोठं. वर तिरंगा छापलेला, खाली 'भारतीय सेना'. चित्र सुरेख होतं, पण त्यातल्या डाकोटा विमानांच्या अंगावर काळे-पांढरे जाड पट्टे होते. असे पट्टे 1944 च्या जूनमध्ये, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आदल्या दिवसांत, मित्रराष्ट्रांच्या विमानांना रंगवले गेले, आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून. म्हणजे तो फोटो युरोपातला. नॉर्मंडीत छत्रीधारी रात्रीच्या अंधारात उतरले होते. भर दिवसा आभाळ भरून उतरतानाचे जे फोटो जगभर गाजले, त्यांतले पुष्कळसे त्याच सालच्या सप्टेंबरमधल्या हॉलंडचे आहेत. डाकोटा टांगाइललाही होत्या, त्यामुळे पोरांची गफलत समजण्यासारखी आहे. पण त्या मुलांना रोज सकाळी दुसऱ्या देशाच्या माणसांना नमस्कार करायला लावायचा, आणि पुंगलीच्या पुलाचं नावही सांगायचं नाही, हे बरोबर नाही. परक्यांचा फोटो लावू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर लावा, पण तो त्यांचा म्हणून लावा.

परक्यांच्या फोटोंतला एक तर मला फार आवडतो. 5 जून 1944, इंग्लंडमधला ग्रीनहॅम कॉमनचा विमानतळ. काही तासांत फ्रान्सवर उडी घेणारे 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान, तोंडाला काळं फासलेले, आणि त्यांच्यासमोर सरसेनापती आयझेनहॉवर हात वर करून काहीतरी सांगताहेत. समोरच्या तरुण लेफ्टनंटच्या गळ्यात 23 आकड्याची पाटी. त्याचं नाव वॉलेस स्ट्रोबेल. त्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. बघणाऱ्याला वाटतं, सेनापती लढाईचा मंत्र देत आहेत. स्ट्रोबेलनं पुढे सांगितलं, गाव कुठलं विचारलं, मिशिगन म्हणालो, तर तिथल्या मासेमारीबद्दल बोलले. तो लढाईतून परत आला, म्हणून हे आपल्याला कळलं. या फोटोत ठिपका नाही, चेहरा आहे, नाव आहे, तारीख आहे, आणि म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही तो माणसाचा फोटो राहिला आहे.

छायाचित्रकार रॉबर्ट कापानं मार्च 1945 मध्ये ऱ्हाइन नदीपलीकडे अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर स्वतः उडी मारून फोटो काढले. विमानात बसलेल्यांचे, उतरणाऱ्यांचे, आणि छत्री झाडात अडकून तिथेच गोळी लागून लटकत राहिलेल्यांचेही. पहिल्या प्रकारचे फोटो छापून भिंतीवर लागतात. शेवटचे कोणी लावत नाही. लावावेत असं मीही म्हणणार नाही, घर हे घर आहे. पण मावशी जे म्हणाल्या ते ठाऊक असलेल्याच्या भिंतीवर आणि ठाऊक नसलेल्याच्या भिंतीवर एकच चित्र वेगळं असतं.

भिंतीवर काय असावं हा प्रश्न लहानांचाच नाही. ढाक्यातल्या शरणागतीचं चित्र, पाकिस्तानचे जनरल नियाझी सही करताहेत आणि शेजारी भारताचे जनरल जगजितसिंग अरोरा बसले आहेत असं, दिल्लीत लष्करप्रमुखांच्या दालनात वर्षानुवर्षं होतं. डिसेंबर 2024 मध्ये ते तिथून काढून माणेकशॉ सेंटरला लावलं आणि त्या जागी दुसरं चित्र आलं. त्यावर निवृत्त अधिकाऱ्यांनी केवढा आवाज उठवला! मला तो आवाज योग्य वाटला. भिंतीवरून खाली आलेली गोष्ट हळूहळू बोलण्यातूनही जाते.

म्हणून बीड जिल्ह्यातल्या, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातल्या घरांना आणि शाळांना माझं सांगणं आहे. छत्र्यांचा फोटो असेल तर तो उतरवा, मागचा पुठ्ठा कोरड्या फडक्यानं पुसा आणि त्यावर लिहा. आग्र्याचा सराव असेल तर आग्रा लिहा. हॉलंड असेल तर हॉलंड लिहा. घरातला माणूस फौजेत होता, तर त्याची पलटण, भरतीचं साल, उड्या कुठे मारल्या, सोबत कोण होते, सगळं लिहा. शाळेत 11 डिसेंबरला पुंगलीच्या पुलाची गोष्ट सांगा, आणि ती सांगायला तालुक्यातल्या एखाद्या निवृत्त जवानाला बोलवा. कोण कुठे राहतं हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. टांगाइलला उतरताना जो विशीत होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरात किंवा पलीकडे आहे. त्याच्याकडे जायचं असेल तर याच वर्षी जा.